संशोधनाचे दार आणि परिचयाचे पत्र

गेल्या महिन्यात एके दिवशी कोर्टाचे काम आटोपून आम्ही कचेरीत परतलो, तो बाकावर एक गृहस्थ वाट पाहत बसलेले दिसले. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातले नोकर, वय पन्नाशीच्या घरातले, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. चार वर्षांपूर्वी सहकुटुंब धम्मदीक्षा घेतलेले. जयभीम झाला. काम लहानसेच होते. मुलीच्या जातीच्या दाखल्याकरिता एक प्रतिज्ञापत्र करून हवे होते. मसुदा झाला, सही झाली, तरी गृहस्थ उठेनात. अखेर म्हणाले, "वकीलसाहेब, एक विचारू का? पोरगी केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली. आता म्हणते, अजून पाच वर्षं संशोधन करायचं. वर म्हणते, त्याचा पगार मिळतो. शिकायचा पगार कोण देतो हो? कुणी फसवत तर नसेल ना तिला?"

या प्रश्नाचे आम्हाला हसू आले नाही. ज्या घरात पहिली पदवीच मुळी दोन पिढ्यांच्या काबाडकष्टांनंतर आली, त्या घराला शिकणे म्हणजे पैसा बाहेर जाणे आणि नोकरी म्हणजे पैसा आत येणे, एवढे दोनच व्यवहार ठाऊक असतात. या दोहोंमधला एक तिसरा व्यवहार जगात आहे, ही वार्ता आमच्या वस्त्यांपर्यंत नीटशी पोचलेलीच नाही. विज्ञानातील पीएच.डी. ही वर्गात बसून ऐकायची शिकवणी नव्हे. ते प्रयोगशाळेतले काम आहे, आणि कामाचा मोबदला मिळतो. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त नेट परीक्षेतून ज्याला ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते, त्याला १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि काम समाधानकारक ठरल्यास त्यापुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता निराळा. हा आकडा ऐकून गृहस्थांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

अर्थात् ही रक्कम महिन्याच्या महिन्याला हाती पडतेच असे नाही. ती रखडते, आणि मग एकदम येते. ज्या घरी महिन्याची उधारी महिन्यालाच फेडावी लागते, त्या घराने हे आधीच जाणून असावे.

आता मुलीची स्थिती अशी, की ती नेट उत्तीर्ण झाली होती, परंतु तिला फेलोशिप नव्हे, केवळ सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळाली होती. तिच्या महाविद्यालयात कोणीतरी तिला सांगितले, की आता संशोधनाचा मार्ग बंद. हे साफ चूक आहे. २०२४ पासून नेटमधील गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जातात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे.  महाराष्ट्रात पुण्याच्या बार्टी या संस्थेची बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. या वृत्तीसाठी आमच्या मुलामुलींना आझाद मैदानावर धरणे धरून बसावे लागले, हेही येथे नमूद केले पाहिजे. तरी वृत्ती आहे, आणि ती मागितली पाहिजे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जेस्ट परीक्षा आहे, आयआयटीसाठी गेट आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे. एका परीक्षेत मागे पडलेला माणूस दुसऱ्या दारातून आत गेल्याची उदाहरणे कोणत्याही प्रयोगशाळेत सापडतील.

परंतु आज आम्हाला परीक्षांविषयी फारसे लिहावयाचे नाही. परीक्षेची माहिती शिकवणीवर्गवाल्यांच्या फलकावरही मिळते. आम्हाला लिहावयाचे आहे ते परीक्षेनंतर काय होते त्याविषयी. आमची मुले तेथेच अडतात, आणि आपण का अडलो हे त्यांना कळतही नाही.

२०१५ ते २०१९ या काळात देशातील आयआयटींमध्ये पीएच.डी.ला प्रवेश मिळालेल्यांत अनुसूचित जातींचे ९.१ टक्के आणि अनुसूचित जमातींचे २.१ टक्के विद्यार्थी होते, असे सरकारनेच संसदेत सांगितलेले आहे. कायद्याने ठरलेला वाटा अनुक्रमे १५ आणि साडेसात टक्के. राखीव जागा कागदावर असूनही इतकी तूट का पडते? पूर्वग्रह हे एक कारण, आणि ते मोठे आहे. परंतु आणखी एक कारण आहे. संशोधनाच्या क्षेत्रात जसजसे वर जावे, तसतशी आरक्षणाची शिडी आखूड होत जाते, आणि हे कायद्यातच लिहिलेले आहे. २००६ च्या केंद्रीय शिक्षणसंस्था (प्रवेशातील आरक्षण) कायद्याच्या अनुसूचीत काही संस्था नावानिशी वगळलेल्या आहेत. त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आहे, बंगळूरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. त्याच कायद्यात पीएच.डी.नंतरच्या संशोधनासह उच्च विशेषीकरणाचे अभ्यासक्रम वगळण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात मागासवर्गीयांचे आरक्षण उचलून धरणाऱ्या बहुमतानेही, संशोधन संस्थांतील तांत्रिक पदांवर आरक्षण ठेवणे इष्ट नाही, असे नोंदवून ठेवले. १९९८ साली चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात घटनापीठाने ठरविले, की संवर्गात पद एकच असेल तर ते राखीव करता येत नाही. प्रयोगशाळेतील प्रकल्पांच्या जागा बहुधा एकेक करूनच जाहीर होतात, हे येथे लक्षात घ्यावे.

या तरतुदींविरुद्ध लढले पाहिजे की नाही? लढले पाहिजे, आणि आम्ही ते या पृष्ठांवर पुन्हा लिहू. परंतु ज्या मुलीला येत्या सत्रात प्रयोगशाळा हवी आहे, तिला सर्वोच्च न्यायालयाच्या पुढील निकालापर्यंत थांबता येत नाही. परीक्षा आणि राखीव जागा तिला दारापर्यंत आणतात. दार उघडते ते आतल्या माणसाने हो म्हटल्यावर. मार्गदर्शकाने तिला आपल्या प्रयोगशाळेत घ्यावयाचे ठरविले पाहिजे. प्रकल्पाची जागा असेल तर ज्या शास्त्रज्ञाला अनुदान मिळाले, तोच मुलाखतीला बसलेला असतो. पीएच.डी.नंतर तर सर्व काही याच एका होकारावर चालते. आपल्या देशातील राष्ट्रीय पीएच.डी.-उत्तर फेलोशिप घ्या. अर्जासोबत यजमान शास्त्रज्ञाची आणि संस्थेची संमती जोडावी लागते. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप घ्या. तेथेही यजमान आधी शोधावा लागतो. युरोपची मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिप घ्या; अर्जच मुळी यजमानासोबत मिळून करावयाचा असतो. म्हणजे पैसा देणारा कोणीही असो, त्याच्याआधी एका अनोळखी माणसाला आपण ओळखीचे व्हावे लागते.

ज्यांच्या घरात काका प्राध्यापक, आत्या शास्त्रज्ञ, त्यांना ही ओळख जेवणाच्या ताटावर मिळते. कोणत्या प्रयोगशाळेत जागा निघणार, कोणाला नवे अनुदान मिळाले, कोण निवृत्तीला आले, हे त्यांना न विचारता कळते. आमच्या मुलांना जाहिरात दिसते तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरलेले असतात. यात आमच्या मुलांच्या बुद्धीचा दोष काडीइतका नाही.

पूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातली एक गोष्ट आमचे वक्ते फारशी सांगत नाहीत. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला जाताना त्यांच्याजवळ त्यांचे गुरू प्राध्यापक सेलिग्मन यांचे परिचयपत्र होते, आणि ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक, सिडनी वेब यांना लिहिलेले होते. बाबासाहेबांच्या विद्वत्तेला शिफारशीची गरज होती काय? नव्हती. परंतु विद्वत्ता आहे हे पलीकडच्या माणसाला कळावे कसे, याची तेवढी एक रीत होती आणि आजही तीच आहे. ज्यांनी सेलिग्मन यांच्या वर्गात बसून स्वतःचे काम त्यांच्या नजरेस आणले, त्यांनाच त्या पत्राचा अधिकार होता. याच बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सरकारला निवेदन दिले, की कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे साधणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे. आम्ही स्वतः कायद्याचे पदवीधर असल्यामुळे ते निवेदन वाचताना किंचित वरमतो.

गृहस्थांना आम्ही सांगितले, की मुलीला रविवारी घेऊन या. ती आली. तिने पाठविलेले ई-मेल तिने दाखविले. एकच मजकूर चाळीस शास्त्रज्ञांना एकदम गेलेला, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते. संबोधन "आदरणीय सर", आणि चाळिसांत अनेक स्त्रिया. पहिला परिच्छेद वडिलांच्या पगाराविषयी आणि घरच्या हलाखीविषयी. दुसऱ्यात, आपल्याला विज्ञानाची लहानपणापासून आवड आहे. एम.एस्सी.ला आपण काय काम केले, याचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही अर्धाच. उत्तर एकाचेही आले नव्हते.

आम्ही तिला विचारले, "प्रबंधात काय केलेस?" त्यावर ती वीस मिनिटे बोलली. कोणती अभिक्रिया, कोणता उत्प्रेरक, तो चार वेळा का फसला, पाचव्या वेळी काय बदलले, शुद्धीकरण कसे केले, एनएमआरचे आलेख स्वतः कसे वाचले. आम्हाला त्यातले निम्मेही समजले नाही. परंतु साक्षीदार खरे बोलतो आहे की पाठ केलेले, हे ओळखण्याचा आमचा धंदाच आहे. आम्ही म्हटले, हेच लिही. दारिद्र्य लपवावयाचे कारण नाही, परंतु या पत्राचा तो विषय नव्हे. आपण कोणाची दया मागत नाही. आपण एक काम करू शकतो, आणि ते काम त्या माणसाच्या उपयोगाचे आहे, एवढे त्याला दाखवावयाचे आहे.

मग ठरले ते असे. एका वेळी एकाच शास्त्रज्ञाला पत्र. त्याआधी त्याचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचावयाचे, न समजले तरी पुन्हा वाचावयाचे, आणि त्यांतील कोणत्या प्रश्नाशी आपले काम जुळते हे दोन वाक्यांत लिहावयाचे. आपल्या हाताला येणाऱ्या पद्धती नावानिशी सांगावयाच्या. नेटचा निकाल आणि वृत्तीची स्थिती स्पष्ट लिहावयाची, कारण मार्गदर्शकाला पैशाची सोय कशी होणार हे कळणे आवश्यक असते. आपल्याला ओळखणाऱ्या दोन अध्यापकांची नावे द्यावयाची, अर्थात् त्यांना आधी विचारून. सारे एका पानात. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा आठवण, पुन्हा नाही. मौन हा अपमान समजू नये. नामांकित माणसाच्या टपालात अशी पत्रे ढिगाने येतात, आणि आम्हाही वकिलांच्या टेबलावर पडून राहिलेली पत्रे काही कमी नसतात.

आणखी एक हिशेब कोणी सांगत नाही. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला, त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा मोठ्या नावाच्या मागे सारी पत्रे खर्चू नयेत. ज्याने नुकतीच प्रयोगशाळा मांडली, त्याला हात हवे असतात, जागा रिकाम्या असतात, आणि तो उत्तरही लौकर देतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, नागपूरची नीरी, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, या सर्वांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक शास्त्रज्ञाचे पान आहे. महिन्यातून दोनदा ती पाने आणि तेथील प्रकल्पांच्या जाहिराती पाहण्याची सवय लावली तर काकांची आणि आत्यांची उणीव बरीच भरून निघते.

बी.एस्सी.च्या मुलांनी तर याहून आधी सुरुवात करावी. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. त्या दोन महिन्यांत एखाद्या शास्त्रज्ञाने तुम्हाला काम करताना पाहिले, तर पुढचे शिफारसपत्र हे खरे शिफारसपत्र होते. तुमच्या महाविद्यालयातील जे प्राचार्य तुम्हाला चेहऱ्यानेही ओळखत नाहीत, त्यांच्या शिक्क्याच्या कागदाला प्रयोगशाळेत किंमत नाही.

परदेशाविषयी थोडेसे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती ७५ जणांना मिळते. दोन्ही पीएच.डी.लाही लागू आहेत. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हेही जाणावे, की जर्मनीत पीएच.डी.ची जागा ही बहुतेक वेळा पगारी करारावरची नोकरीच असते, आणि अमेरिकेत विज्ञानाच्या पीएच.डी.ला बहुधा शुल्कमाफी आणि सहायकवृत्ती मिळते. जमीन गहाण टाकून पाठवावे लागते ते अन्य पदव्यांना. दलालाला पैसे मोजून विज्ञानाच्या पीएच.डी.चा प्रवेश घेऊ पाहणारा बाप आमच्याकडे आला, तर आम्ही त्याला जिन्यावरूनच परत पाठवू.

आता दाखल्याविषयी, कारण ज्या कामासाठी ते गृहस्थ आले होते ते हेच. दीक्षेनंतर त्यांनी एका कागदावर धर्म बौद्ध लिहिला आणि जातीचा रकाना कोरा ठेवला. त्यामागचा अभिमान आम्हाला समजतो. जी टाकून दिली ती पुन्हा स्वतःच्या हाताने का लिहावी? परंतु कायदा असा आहे, की अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, आणि त्या आदेशाखालचा दाखला आदेशातील यादीत असलेल्या जातीच्या नावानेच मिळतो. धर्माच्या रकान्यात बौद्ध, जातीच्या रकान्यात मूळ जात. केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला आधीच काढून ठेवावा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तहसील कचेरीत धावपळ करणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. हा रकाना भरताना मनाला जो काटा टोचतो, तो टोचू द्यावा आणि रकाना भरावा.

प्रयोगशाळेत गेल्यावरही डोळे उघडे ठेवावेत. नियमाप्रमाणे संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्राला कामाचा अहवाल मांडावयाचा असतो. त्याची प्रत, समितीचा शेरा, मार्गदर्शकाशी झालेला पत्रव्यवहार, सारे तारीखवार जपून ठेवावे. वृत्ती थांबली तर त्याच आठवड्यात लेखी विचारावे. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याची वृत्ती २०१५ साली थांबली होती आणि १७ जानेवारी २०१६ रोजी तो आपल्यातून गेला, हे ज्यांच्या घरातून मुले संशोधनाला जातात त्यांनी विसरून चालणार नाही. तेव्हा घरच्यांनीही दूरध्वनीवर केवळ "पैसे आले का" एवढेच विचारू नये. प्रयोगशाळेत बोलायला कोणी आहे का, जेवायला सोबत कोण असते, मार्गदर्शक भेट देतात का, हेही विचारावे. प्रयोग सहा-सहा महिने फसतात. त्या काळात घरून "अजून किती दिवस" असे आले, की मूल खचते. पाच वर्षे लागतात, कधी सहा लागतात. मुलीच्या बाबतीत लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांना हे बापाने सांगावे. मुलीला सांगायला लावू नये.

आमच्या त्या मुलीने नव्या रीतीने सहा पत्रे पाठविली. तिघांचे उत्तर नाही. एकाने कळविले, जागा भरल्या आहेत. एकाने पुढील प्रवेशफेरीत अर्ज करावयास सांगितले. सहावे उत्तर पुण्यातील एका शास्त्रज्ञ बाईंचे आले. तुझे एनएमआरचे आलेख पाठव, आणि पाचव्या वेळी जे बदलले ते का बदलले हे समजावून सांग, असे त्यांनी लिहिले. तिने दोन पानी उत्तर धाडले. पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटीला बोलावणे आहे.

गृहस्थ परवा दाखला दाखवायला आले होते. धर्म आणि जात, दोन्ही रकाने भरलेले. चहा घेता घेता त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, पुण्याला सकाळी दहाला पोचायचं म्हणजे रात्रीची गाडी बरी, की आदल्या दिवशीच जाऊन राहावं?"